पटावरून गेलेले तंबू

'ग्रेट वेस्टर्न ट्रेल' हा अलेक्झांडर फिस्टरचा २०१६ सालचा पटखेळ. टेक्सासातून गुरं हाकत कॅन्सस सिटीला न्यायची, वाटेत गुराखी नेमायचे, चांगली जनावरं विकत घ्यायची. नातवंडांबरोबर खेळते खरी, पण जन्मभर इतिहास शिकवलेला, लक्ष पटामागच्या गोष्टीकडेच जातं.

१८६५ साली अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं तेव्हा टेक्सासात लांब शिंगांची गुरं मोप होती. तिथे मातीमोल, उत्तरेला मात्र कितीतरी महाग. १८६७ मध्ये जोसेफ मॅकॉय या व्यापाऱ्याने कॅन्ससमधल्या अ‍ॅबिलीनला रेल्वेलगत कोंडवाडे बांधले आणि कळप निघाले. १८७४ साली काटेरी तारेचं पेटंट निघालं, माळांना कुंपणं पडली. १८८६-८७ च्या हिवाळ्यात गुरं पटापट मेली. वीसेक वर्षांत खेळ आटोपला.

वाटेत 'इंडियन टेरिटरी' लागे, म्हणजे आजचं ओक्लाहोमा. चेरोकी, चोक्टॉ वगैरे लोकांना त्यांच्या मुलखातून उठवून इथे आणून बसवलेलं. आपल्या जमिनीवरून जाणाऱ्या गुरांवर ते डोईमागे पैसे घेत. जकातच की! सर्वांत गाजलेल्या वाटेला नाव आहे ते जेसी चिझमचं, त्याची आई चेरोकी.

पहिल्या आवृत्तीत पटावर मूळ रहिवाशांचे तंबू होते. २०२१ च्या आवृत्तीत तंबू गेले, दरोडेखोर आले. हेतू चांगलाच असेल, पण चित्राबरोबर माणसंही गेली.

असो. खेळ जरूर खेळा. फक्त पोरांना एवढं सांगा, की मधल्या मुलखाला मालक होते आणि ते टोल घेत होते.