१० सेंटचं कॉमिक ५० कोटींना का विकलं जातं? जुन्या सुपरहिरो कॉमिक्सच्या किमतीमागचं गणित

एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेत एका कॉमिकचा लिलाव झाला. जून १९३८ चा 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक. छापील किंमत १० सेंट. बोली थांबली ६० लाख डॉलरवर, म्हणजे तेव्हाच्या हिशोबाने जवळपास ५० कोटी रुपये.

अशी बातमी व्हायरल झाली की खाली एक कमेंट ठरलेली असते, "आमच्या माळ्यावर पण जुनी कॉमिक्स पडलीयेत, बघायला पाहिजे." जरूर बघा. पण जुनं आहे म्हणून महाग, इतका सरळ हा विषय नाही.

तर आधी या अंकात एवढं काय होतं ते बघू. मुखपृष्ठावर निळ्या कपड्यातला, लाल केपवाला एक माणूस हिरवी गाडी डोक्यावर उचलून आपटतोय. हा सुपरमॅन, आणि दुकानात विकायला आलेल्या कॉमिकमध्ये तो पहिल्यांदाच दिसत होता. कलेक्टर लोक याला 'फर्स्ट अपिअरन्स' म्हणतात आणि किमतीची सुरुवात इथूनच होते. बॅटमॅन पहिल्यांदा आला तो मे १९३९ च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७ व्या अंकात. स्पायडरमॅन आला ऑगस्ट १९६२ च्या 'अमेझिंग फँटसी'च्या १५ व्या अंकात. गंमत म्हणजे ते मासिक तेव्हा बंद पडत होतं आणि हा त्याचा शेवटचा अंक होता. २०२१ मध्ये त्याच अंकाची एक प्रत ३६ लाख डॉलरला गेली.

पहिलं दर्शन कशाला म्हणायचं यावरही कलेक्टर लोक तासन्‌तास वाद घालतात. वुल्व्हरिन १९७४ मध्ये 'इनक्रेडिबल हल्क'च्या १८० व्या अंकाच्या शेवटच्या पानावर झलक दाखवून जातो, पण पूर्ण येतो तो १८१ व्या अंकात. बाजारात भाव १८१ ला जास्त.

आता मुख्य मुद्दा. 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक साधारण २ लाख प्रती छापला गेला होता. आज जेमतेम शंभरेक प्रती उरल्या असाव्यात, असा जाणकारांचा अंदाज आहे. मग बाकीच्या गेल्या कुठे?

पोरांनी वाचल्या, घडी घालून खिशात कोंबल्या, मित्राला दिल्या आणि शेवटी कचऱ्यात गेल्या. कागद होता स्वस्तातला न्यूजप्रिंट, म्हणजे वर्तमानपत्राचाच. तो ठेवला तरी पिवळा पडून ठिसूळ होतो. त्यात दुसरं महायुद्ध आलं. अमेरिकेत रद्दी गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या आणि देशसेवा म्हणून पोरांनी कॉमिक्सचे गठ्ठेच्या गठ्ठे देऊन टाकले. युद्ध संपल्यावर कॉमिक्समुळे मुलं बिघडतात अशी ओरड सुरू झाली, १९४८ च्या सुमारास काही गावांत तर त्यांची जाहीर होळी झाली. १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाचं याच विषयावर पुस्तक आलं, सिनेटमध्ये सुनावणी झाली आणि घरोघरच्या आयांनी उरलीसुरली कॉमिक्स बाहेर काढली.

थोडक्यात, ही वस्तू जपायची असते हे तेव्हा कुणाच्या डोक्यातच नव्हतं. आजची किंमत त्यातून आलीये.

पटत नसेल तर उलटं उदाहरण बघा. नव्वदच्या दशकात जुन्या कॉमिक्सच्या किमतीच्या बातम्या वाचून लोकांनी नवी कॉमिक्स गुंतवणूक म्हणून घ्यायला सुरुवात केली. १९९१ च्या 'एक्स-मेन'च्या पहिल्या अंकाच्या ८० लाखांहून जास्त प्रती खपल्या. १९९२ मध्ये सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या पिशवीत सीलबंद आला, तोही लाखोंनी गेला. कित्येकांनी पिशवी फोडलीच नाही. आज तीस-पस्तीस वर्षांनी हे अंक काही डॉलरमध्ये सहज मिळतात, कारण सगळ्यांनीच जपून ठेवले. तो फुगा फुटला तेव्हा असंख्य दुकानं बंद पडली आणि १९९६ च्या शेवटी खुद्द मार्व्हलला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

यानंतर येते प्रतीची अवस्था. २००० पासून सीजीसी नावाची अमेरिकन कंपनी कॉमिक तपासून ०.५ ते १० मध्ये गुण देते आणि कडक प्लास्टिकच्या डबीत सील करते. कणा, पिनांचा गंज, कोपरे, पानांचा रंग, सगळं बघितलं जातं. अर्ध्या गुणाने किमतीत लाखो डॉलरचा फरक पडू शकतो. वर सांगितलेल्या हल्कच्या १८१ व्या अंकात आत एक कापून चिकटवायचा स्टॅम्प छापलेला होता. ज्या पोरांनी तो कात्रीने कापला, त्यांच्या प्रतीची किंमत धाडकन खाली येते.

सगळ्यात चुटपुट लावणारी गोष्ट मिनेसोटामधली. एका माणसाने जुनं घर डागडुजीसाठी विकत घेतलं. भिंत फोडली तर आत थंडी अडवायला कोंबलेल्या कागदांत 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक! घरच्यांसोबतच्या ओढाताणीत मागचं मुखपृष्ठ फाटलं. १० पैकी १.५ गुण मिळाले. तरी २०१३ मध्ये ते १ लाख ७५ हजार डॉलरला गेलं, म्हणजे घरापेक्षा कितीतरी महाग.

याउलट, नोव्हेंबर २०२५ मध्ये १९३९ चा 'सुपरमॅन'चा पहिला अंक ९१ लाख २० हजार डॉलरला विकला गेला. कॅलिफोर्नियात तीन भावांना आईच्या पश्चात तो घराच्या माळ्यावर खोक्यात सापडला होता. गुण मिळाले ९. तिथली थंड हवा कागदाला मानवली.

या सगळ्यात सुपरमॅन बनवणाऱ्यांना काय मिळालं? जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोघांनी १९३८ मध्ये त्याचे सगळे हक्क १३० डॉलरला दिले. पुढे कोर्टकज्जे झाले, दोघांनी हलाखी पाहिली. १९७५ मध्ये बातम्या झाल्यावर कंपनीने त्यांना वर्षाला २० हजार डॉलर पेन्शन आणि कॉमिकवर नाव दिलं. ज्या चेकमध्ये ते १३० डॉलर होते तो कागद २०१२ मध्ये लिलावात १ लाख ६० हजार डॉलरला गेला. तोवर दोघंही हयात नव्हते.

बाकी तुमच्या माळ्याचं म्हणाल, तर तिथे सुपरमॅनपेक्षा वेताळ सापडण्याची शक्यता जास्त. १९६४ मध्ये सुरू झालेली इंद्रजाल कॉमिक्स मराठीतही निघायची, आणि तीही बहुतेक घरांतून रद्दीतच गेली. त्यामुळे त्यांनाही शौकीन गिऱ्हाईक आहे, आकडे अर्थातच कोटींचे नाहीत. सापडलीच तर फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. दुरुस्तीने किंमत वाढत नाही, घसरते. कोरड्या जागी, उन्हापासून लांब, आडवी ठेवा आणि विकायच्या आधी एकदा वाचा.