रणगाड्याच्या पट्ट्याची कडी

रणगाडा म्हटला कीं सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढें प्रथम उभी राहते ती त्याची तोफ. त्याखालोखाल त्याचें जाड पोलादी चिलखत. हें सारें ओझें ज्याच्या आधारावर चालतें त्या पट्ट्याकडे क्वचितच कोणाचें लक्ष जातें. परंतु रणगाड्याच्या इतिहासांत यशापयशाचे जे प्रसंग घडले त्यांतील पुष्कळांचें मूळ तोफेंत नसून पट्ट्याच्या एखाद्या कडींत सांपडतें. तोफ बंद पडली तर रणगाडा मागें फिरूं शकतो. पट्टा तुटला तर तो जागच्या जागीं शत्रूचें निशाण होऊन बसतो, आणि आंतील चार-पांच माणसांचे प्राण त्या एका तुटक्या कडीवर येऊन ठेपतात.

या कडीशीं आज सैनिकांहून निराळ्या अशा एका वर्गाचाहि निकट संबंध येतो. तो वर्ग म्हणजे रणगाड्यांच्या लहान प्रतिकृति तयार करणाऱ्या हौशी कारागिरांचा. प्रतिकृतीच्या खोक्यांत पट्टा पुष्कळदां मऊ प्लॅस्टिकच्या अखंड फितीच्या रूपानें येतो. हुबेहूबपणाची चाड असलेल्या कारागिराला ती फीत रुचत नाहीं. म्हणून तो सुट्या कड्यांचें निराळें पुडकें विकत आणूं पाहतो. पण एकाच रणगाड्यासाठीं पांच-सहा प्रकारच्या कड्या विक्रीस मांडलेल्या असतात, आणि त्यांतील खरी कोणती हा प्रश्न त्याच्यापुढें उभा राहतो. या प्रश्नाचें उत्तर दुकानदाराजवळ नसतें; तें इतिहासाजवळ असतें.

चाकापुढें स्वतःचा रस्ता स्वतःच अंथरीत जाणारें वाहन, ही कल्पना रणगाड्याहून पुष्कळ जुनी आहे. इंग्लंडांत जॉर्ज केली यानें १८२५ सालीं आणि जेम्स बॉयडेल यानें १८४६ सालीं या कल्पनेचे हक्क नोंदविले होते. पुढें १९०४ सालीं डेव्हिड रॉबर्ट्स या इंग्रज यंत्रज्ञानें पट्ट्यावर चालणाऱ्या वाहनाचा हक्क मिळविला. त्याच वर्षाच्या २४ नोव्हेंबर रोजीं अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत बेंजामिन होल्ट यानें आपल्या वाफेच्या ट्रॅक्टरची चांचणी घेतली. स्टॉकटन शहराभोंवतालच्या भुसभुशीत जमिनींत जड ट्रॅक्टरांचीं चाकें रुतून बसत. होल्टनें चाकें काढून त्यांच्या जागीं सांखळीवर लांकडी फळ्या बसविलेला पट्टा चढविला, आणि यंत्र त्या जमिनीवरून सुखरूप चाललें. सुरवंटाच्या चालीवरून पडलेलें ‘कॅटरपिलर’ हें नांव १९१० सालीं होल्टच्या कंपनीनें नोंदविलें. म्हणजे नांगरासाठीं जन्मलेली ही कडी पुढें अवघ्या दहा-बारा वर्षांत तोफेच्या सेवेस लागली.

पहिल्या महायुद्धांत पश्चिम आघाडीवर खंदक आणि कांटेरी तारा यांनीं सैन्यें जागच्या जागीं खिळवून टाकलीं, तेव्हां १९१५ सालीं इंग्लंडांतील लिंकन शहरीं विल्यम फॉस्टर यांच्या कारखान्यांत एका पट्ट्याच्या वाहनाची उभारणी सुरू झाली. विल्यम ट्रिटन आणि वॉल्टर विल्सन हे तिचे सूत्रधार होते. प्रथम शिकागोहून आणविलेले तयार पट्टे बसविण्यांत आले. मैदानावर ते ठीक चालले, पण खंदक ओलांडतांना घात झाला. वाहनाचें पोट खंदकावर अधांतरीं येतांच पट्टा खालीं लोंबे, चाकांपासून सुटा होई, आणि पलीकडे पोचल्यावर पुन्हां जागेवर बसत नसे. ज्या कामासाठीं यंत्र घडवावयाचें तेंच काम त्याच्या हातून होईना. सप्टेंबर महिन्यांत ट्रिटननें नवी कडी आंखली. दाबून घडविलेल्या पोलादी पत्र्याला त्यानें ओतीव सांधे रिव्हेटांनीं जोडले, आणि त्या सांध्यांचे कांठ वाहनाच्या बाजूच्या चौकटीला असे गुंतविले कीं पट्टा लोंबला तरी चौकट सोडून जाऊं शकणार नाहीं. पुढें ‘लिट्ल विली’ या नांवानें प्रसिद्धीस आलेलें तें वाहन इंग्लंडांत बॉव्हिंग्टन येथील संग्रहालयांत ठेवलेलें आहे. याच कडीच्या बळावर १५ सप्टेंबर १९१६ रोजीं सोमच्या रणक्षेत्रावर जगांतील पहिले रणगाडे लढाईंत उतरले. तोफा आणि चिलखत पूर्वींहि होतें. अडलें होतें तें कडीपाशीं.

त्या पहिल्या कड्या लौकर झिजत. पुढें कडीसाठीं मँगेनीज मिसळलेलें पोलाद वापरण्याची रीति पडली. रॉबर्ट हॅडफील्ड यानें १८८२ सालीं शोधून काढलेल्या या पोलादाचा गुण असा कीं त्यावर जसजसे आघात होतात तसतसा त्याचा पृष्ठभाग अधिक कठीण होत जातो. या सुधारणेनंतर प्रत्येक देशानें आपली जमीन, आपले कारखाने आणि आपली टंचाई पाहून निरनिराळी कडी घडविली. दुसऱ्या महायुद्धांतील तीन रणगाड्यांचीं उदाहरणें या दृष्टीनें फार बोधप्रद आहेत.

पहिलें उदाहरण अमेरिकेच्या शेर्मन रणगाड्याचें. त्याची कडी रबरी आंगठ्यांत बसविलेल्या दोन खिळ्यांवर फिरे, आणि आरंभीं तिच्या तळाशींहि रबराचा ठोकळा असे. अशा पट्ट्याचा आवाज कमी होई, रस्ता खराब होत नसे, आणि सांध्यांची झीजहि पुष्कळ मंदावे. परंतु १५ फेब्रुवारी १९४२ रोजीं सिंगापूर पडलें, आणि मलाया व डच ईस्ट इंडीज येथील रबराचे मळे जपानच्या हातीं गेले. रबराचा तुटवडा पडतांच अमेरिकेंत पोलादी तळाच्या कड्या मोठ्या प्रमाणावर निघूं लागल्या. सपाट रबराची, नागमोडी उंचवट्याच्या रबराची, आडव्या पोलादी पट्ट्यांची, कोनाकृति पोलादी उंचवट्याची, असे शेर्मनच्या कडीचे जे अनेक प्रकार आढळतात त्यांतील कित्येकांचें मूळ मलायांतील रबराच्या झाडाशीं जाऊन भिडतें.

दुसरें उदाहरण जर्मनीच्या टायगर रणगाड्याचें. १९४२ सालीं रणांगणावर आलेल्या या रणगाड्याचें वजन सुमारें ५७ टन. एवढें धूड रशियाच्या चिखलांत बुडूं नये म्हणून त्याला ७२५ मिलिमीटर रुंदीचा पट्टा देण्यांत आला. पण इतका रुंद रणगाडा आगगाडीच्या मार्गावरून नेणें अशक्य! म्हणून प्रवासासाठीं ५२० मिलिमीटरचा दुसरा अरुंद पट्टा ठेवावा लागला. स्टेशनावर सैनिकांनीं बाहेरच्या अंगाचीं चाकें काढावीं, अरुंद पट्टा चढवावा, आणि उतरण्याच्या ठिकाणीं सारा खटाटोप उलट करावा, असा क्रम असे. जुन्या चौथ्या क्रमांकाच्या जर्मन रणगाड्याचा पट्टाहि आरंभीं ३८० मिलिमीटर होता, तो १९४१ सालच्या नमुन्यापासून ४०० करण्यांत आला. तोहि रशियांतील बर्फाला व चिखलाला पुरेना, तेव्हां कडीच्या बाहेरच्या टोंकाला लोखंडी पंख जोडण्याची पाळी आली.

तिसरें उदाहरण रशियाच्या टी-३४ या रणगाड्याचें. रशियन यंत्रज्ञांनीं चिखल आणि बर्फ आधींच हिशेबांत धरले होते. आरंभींचा पट्टा ५५० मिलिमीटर रुंद. १९४२ पासून घडण्यास सोपा असा ५०० मिलिमीटरचा पट्टा प्रचारांत आला. त्याच्या एका बाजूला ७२ कड्या असत आणि त्यांत एकाआड एक कडीला आंतून दांत असे. सर्वांत कौतुकाची गोष्ट तिच्या खिळ्याची. या खिळ्याला बाहेरून कसलाहि अडसर नव्हता. त्याचें डोकें आंतल्या अंगास असे, आणि चालतांना खिळा आंत सरकूं लागला कीं चिलखताला मागें बसविलेली एक तिरकी पट्टी प्रत्येक फेऱ्यांत त्याला ठोकून जागेवर आणी. गुंतागुंतीची चाप-खीळ बनविण्याचें काम एका ओबडधोबड पट्टीनें वांचविलें.

आतां प्रतिकृतीकडे वळावयाचें. जपानच्या तामिया कंपनीनें १९६१ च्या सुमारास पँथर रणगाड्याची प्रतिकृति १/३५ या प्रमाणांत काढली, आणि तेंच प्रमाण पुढें जगभर रूढ झालें. आंत विजेची मोटर ठेवून ती पळवावयाची असे, म्हणून पट्टा लवचिक फितीचा असणेंच सोयीचें होतें. खेळणें मागें पडून हुबेहूब प्रतिकृतीची आवड वाढली तसे या फितीचे दोष डोळ्यांत भरूं लागले. खऱ्या सुक्या खिळ्यांच्या पोलादी पट्ट्याला टनावारी वजन असतें. तो वरच्या अंगास चाकांवर विसावतो आणि दोन आधारांमध्यें झोंका घेतो. फीत मात्र ताणलेल्या दोरीसारखी सरळ राहते. सुट्या कड्यांचा जन्म या उणिवेंतून झाला.

या कड्या आज मुख्यतः तीन प्रकारांनीं मिळतात. पहिल्या प्लॅस्टिकच्या, जपानची मोडेलकास्टेन कंपनी अशा कड्यांसाठीं नांवाजलेली आहे. त्या हलक्या असल्यामुळें त्यांचा झोंका बहुधा डिंक ओला असतांना हातानें घडवावा लागतो. दुसऱ्या कथलासारख्या मऊ पांढऱ्या धातूच्या. हंगेरीची फ्रिउलमॉडेल कंपनी या जातीसाठीं प्रसिद्ध आहे. त्यांचीं भोंकें बारीक गिरमिटानें साफ करून तारेचे खिळे ओवावे लागतात. पण स्वतःच्या वजनानें त्या आपोआप योग्य तो झोंका घेतात. अशा धातूंत शिसें असण्याचा संभव असल्यामुळें घासतांना धूळ उडूं न देणें व काम होतांच हात धुणें अगत्याचें. तिसऱ्या अलीकडच्या, राळेच्या छापील कड्या. त्यांवरील बारकावे उत्कृष्ट, पण कांहीं ठिसूळ निघतात. कोणत्याहि प्रकारांत कडीचें माप प्रतिकृतीच्या दांतेरी चाकाशीं जुळलें पाहिजे. एका कंपनीच्या चाकासाठीं घडविलेली कडी दुसरीच्या चाकावर अडखळते.

तथापि द्रव्याची निवड ही दुसरी पायरी होय. पहिली पायरी वर्षाची. कोणत्या वर्षींचा, कोणत्या आघाडीवरचा रणगाडा घडवावयाचा हें ठरल्यावांचून कडी विकत घेणें म्हणजे पत्ता न लिहितां पत्र टाकण्यासारखें आहे. टायगरची लढाऊ कडी १/३५ प्रमाणांत २०.७ मिलिमीटर भरते आणि प्रवासाची १४.९, अरुंद कडी घातली आणि बाहेरचीं चाकें तशींच ठेवलीं, तर असा रणगाडा जगांत कधीं चाललाच नव्हता. टी-३४ च्या खिळ्याचें डोकें बाहेर दाखविलें, तर त्या तिरक्या पट्टीचा इतिहासच पुसला जातो. शेर्मनचा पट्टा रबरी सांध्यांमुळें ताठ असतो. त्याला जर्मन पट्ट्यासारखा मोठा झोंका देणें चूक.

कड्यांची संख्याहि इतिहासच सांगतो. बहुतेक शेर्मन रणगाड्यांच्या एका बाजूस ७९ कड्या असत. परंतु एम४ए४ या नमुन्यांत पांच मोटार-इंजिनें एकत्र जोडून बसविलीं होतीं. त्यांना जागा करण्यासाठीं सांगाडा लांबवावा लागला आणि कड्या ८३ झाल्या. १९४५ सालीं ब्रह्मदेशांत मेकटिला येथील लढाईंत रॉयल डेक्कन हॉर्स आणि प्रोबिन्स हॉर्स या हिंदी पलटणी याच लांब शेर्मनवर लढल्या. त्या हिंदी जवानांचा रणगाडा करावयास बसलेल्यानें ७९ कड्यांचा पट्टा आणला, तर चार कड्या कमी पडतील; आणि सांगाडाच आंखूड घेऊन त्यानें ती उणीव झांकली, तर ज्यांच्या स्मरणार्थ तो रणगाडा करावयाचा त्यांचा तो रणगाडाच नव्हे.

खरी कडी डोळ्यांनीं पाहण्याची सोय महाराष्ट्रांतच आहे. अहिल्यानगर (पूर्वीचें अहमदनगर) येथें लष्करानें १९९४ सालीं स्थापन केलेल्या रणगाडा-संग्रहालयांत देशोदेशींचे जुने रणगाडे मांडलेले आहेत. तेथें जाणाऱ्यानें तोफेखालीं उभें राहून छायाचित्र अवश्य काढावें. पण त्याआधीं खालीं वांकून एका कडीवरून हात फिरवावा. तिची रुंदी कोणत्या चिखलासाठीं, तिचा तळ रबराचा कीं पोलादाचा, तिचा खिळा कोणत्या अंगानें आंत गेला, हें पाहावें. मग टेबलावर नखाएवढी कडी चिमट्यांत धरतांना कोणती निवडावी याचा संभ्रम फारसा उरत नाहीं. आणि तिच्या जोडीला उरलेल्या शेंदीडशें कड्या ओवण्याचा कंटाळाहि बराच कमी होतो.