पाच गिअरचा जुगार: मॅकचं मॅक्सिडाइन इंजिन

लोड भरलेला ट्रक चढाला लागला की ड्रायव्हर सारखा गिअर का बदलतो? गाडीत ताकद नसते म्हणून? ताकद असते हो, पण इंजिन जोरात फिरत असेल तरच मिळते.

१९६० च्या दशकातली अमेरिका डोळ्यांसमोर आणा. तिथे डेट्रॉइट डिझेलची टू-स्ट्रोक इंजिनं हायवेवर अक्षरशः किंचाळत पळायची. २१०० आरपीएमला जोरदार, पण आरपीएम थोडे उतरले की दम गेलाच. म्हणून गिअर दहा, तेरा, पंधरा! काही ट्रकांना तर गिअरचे दांडेच दोन. दोन्ही एकदम टाकायचे तर ड्रायव्हर स्टिअरिंगमधून हात घालायचा. चालत्या गाडीत, चढावर. विचार करा.

१९६६-६७ च्या सुमारास मॅक कंपनीने उलटा रस्ता धरला. हिशोब शाळेतलाच आहे: टॉर्क गुणिले आरपीएम म्हणजे पॉवर. आरपीएम पडताना टॉर्क त्याच प्रमाणात वाढला, तर पॉवर जवळपास तशीच राहील. साध्या डिझेलमध्ये तो थोडासाच वाढायचा. मॅकने टर्बो असा निवडला की कमी आरपीएमलाही हवा भरपूर मिळेल, आणि आरपीएम उतरतील तसा पंप दर स्ट्रोकला जास्त डिझेल सोडेल. नुसतं डिझेल वाढवलं असतं तर काळा धूर निघाला असता, बाकी काही नाही.

याची किंमत होती. हळू फिरताना सिलिंडरमध्ये एवढा दाब म्हणजे पिस्टन, बेअरिंग, क्रँक सगळ्यांवर ताण. आणि वरचा आकडा? २३७ हॉर्सपॉवर. डेट्रॉइटचं ८व्ही-७१ तेव्हा ३१८ देत होतं! फुशारकी मारायला मॅक्सिडाइन कामाचं नव्हतंच. पण १२०० आरपीएमला त्याचा टॉर्क २१०० च्या तुलनेत दीडपट होता. त्यामुळे गिअर पुरले फक्त पाच.

गंमत पुढेच आहे. अडचण इंजिनापेक्षा सवयीची होती. चढावर काटा १६०० वर आला की जुन्या ड्रायव्हरचा हात आपोआप दांड्याकडे जायचा. आयुष्यभर तेच केलेलं ना! इथे मात्र हात आवरून, इंजिन कण्हतंय असं वाटलं तरी काटा १२०० पर्यंत उतरू द्यायचा होता.