ढगात हरवलेले क्षितिज

विमानविद्या शिकू लागलेल्या तरुणापुढे प्रथम सहा तबकड्या येतात. वेग, उंची, चढउतार, दिशा, वळण आणि क्षितिज यांची वार्ता त्या देतात. त्यांचा इतिहास पाहू लागले म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. माणसाला पंख लवकर मिळाले. पण स्वतःच्या शरीरावरचा विश्वास आवरता घ्यायला त्याला पुढे पाव शतक लागले.

१९०३ साली राइट बंधूंनी आपल्या विमानावर वाऱ्याचा वेग, इंजिनाचे फेरे आणि काळ मोजणारी तीन साधने बसवली होती. बाकी सारा भरवसा डोळ्यांवर होता. जमीन दिसते तोवर हे ठीक चालले. ढगात शिरल्यावर मात्र कसलेले वैमानिकही विमानासह कोसळू लागले. धीर सुटला म्हणून असे घडते, अशी पुष्कळांची समजूत होती.

खरे कारण कानात होते. आपल्या अंतःकर्णात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. शरीर वळू लागले की द्रव मागे रेंगाळतो आणि वळण जाणवते. तेच वळण एकसारखे चालू राहिले तर द्रव नलिकेच्या गतीशी जुळतो व जाणीव लोपते. वळण थांबवले की उलट दिशेला वळत असल्याचा भास होतो. वैमानिक तो भास सुधारू पाहतो आणि विमान पुन्हा मूळच्या गिरक्यांत लोटतो.

१९२६ साली सॅन फ्रान्सिस्को येथे अमेरिकन सैन्यातील वैमानिक विल्यम ओकर यांना डॉ. डेव्हिड मायर्स यांनी डोळे झाकून फिरत्या खुर्चीत बसवले. आपण कोणीकडे फिरत आहोत, हे या अनुभवी वैमानिकालाही सांगता येईना. ओकर पुढे एक पेटी घेऊन परतले. तिच्या आत वळणदर्शक यंत्र आणि एक दिवा होता. त्या यंत्राकडे पाहताच त्यांची उत्तरे बरोबर येऊ लागली.

हे यंत्र चाले भोवऱ्याच्या तत्त्वावर. वेगाने फिरणारा भोवरा आपल्या अक्षाची दिशा सहसा सोडत नाही. याच गुणाचा उपयोग करून एल्मर स्पेरी यांच्या कारखान्याने कृत्रिम क्षितिज आणि दिशादर्शक तयार केले. पॉल कोल्समन यांनी हवेच्या दाबावरून उंची पूर्वीपेक्षा पुष्कळ बारकाईने दाखवणारे यंत्र घडवले. ही साधने आणि रेडिओचे संकेत यांच्या बळावर २४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळील मिचेल फील्डवर जिमी डूलिटल यांनी झाकलेल्या कक्षात बसून उड्डाण केले. बाहेरचे काहीही न पाहता सुमारे पंधरा मिनिटांत ते त्याच मैदानावर सुखरूप उतरले. पुढच्या आसनावर बेन केल्सी हे वैमानिक होते. पण विमान सावरण्याची पाळी त्यांच्यावर आली नाही.

येथे कथा संपली असती तर बरे झाले असते. परंतु १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून दुबईला निघालेले एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे विमान उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्याजवळच्या समुद्रात कोसळले आणि २१३ माणसे गेली. विमान उजवीकडे वळून पुन्हा समतल झाले, तरी कप्तानापुढील क्षितिजदर्शक ते उजवीकडेच कललेले दाखवत राहिला. त्यावर विसंबून कप्तानाने विमान डावीकडे झुकवले. समोर काळोखा समुद्र. खरे क्षितिज कोठेच नाही. इतर यंत्रांच्या आधारे विमान सावरले गेले नाही, असा निष्कर्ष चौकशीत निघाला.

ओकर यांनी शरीराची साक्ष यंत्राकडून तपासून घ्यायला शिकवले. मुंबईच्या दुर्घटनेने यंत्राची साक्षही दुसऱ्या यंत्राकडून तपासावी लागते, हे दाखवले. म्हणून शिकाऊ वैमानिकाची नजर एकाच तबकडीवर खिळू देत नाहीत. क्षितिजावरून ती उंचीवर, तेथून वेगावर, मग दिशेवर आणि फिरून क्षितिजावर आली पाहिजे. सहा साक्षीदारांपैकी एक खोटे बोलू लागला, तर उरलेल्या पाचांकडून ते वेळीच कळावे, एवढाच या शिस्तीचा हेतू; आणि कळायला हाताशी वेळ असतो तो काही सेकंदांचा.