आजोबांचा दाखला

पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड लागतो. आज ती यवतमाळ आणि हिंगोली या दोन जिल्ह्यांमधली नदी. पण १९४७ साली अलीकडे निजामाचे राज्य होते आणि पलीकडे स्वतंत्र हिंदुस्थान. कळमनुरी तालुक्यातले आमचे गाव अलीकडचे. (हिंगोली जिल्हा झाला १९९९ साली, तोवर आम्ही परभणीकर!) १५ ऑगस्टला पलीकडे झेंडे लागले, इकडे त्याच दिवशी स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली.

त्या हिवाळ्यात आजोबा नदी उतरून उमरखेडच्या शिबिरात गेले. आम्हां नातवंडांना पराक्रम ऐकायचा असे, पण ते म्हणत, "बंदूक मी चालवली नाही. चिठ्ठ्या नेल्या, शिंदीची झाडं तोडली. करोडगिरीचा एक नाका पेटवला, त्यात माझंच धोतर जळालं." वापटीचे बहिर्जी शिंदे आजेगावच्या लढ्यात पडले, त्यांचे नाव निघाले की आजोबा हातातला घास खाली ठेवीत. उमरीच्या बँकेची गोष्ट मात्र ते रंगून सांगत. ३० जानेवारी १९४८ रोजी सैनिकांनी ती लुटली, आणि त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या लुटीतही त्यांना धाडसापेक्षा कौतुक वाटे ते पुढे ठेवलेल्या पैशांच्या हिशेबाचे.

घरी आजी होती आणि वर्षाचे माझे वडील. त्यांना आजोबांच्या धाकट्या बहिणीने, म्हणजे आमच्या आत्याआजीने, आपल्या घरी नेले. रझाकार गावात शिरले त्या रात्री तिच्या यजमानांनी, दाजींनी, या मायलेकरांना ज्वारीच्या कणगीमागे बसवले आणि स्वतः ओसरीवर हुक्का ओढत बसून राहिले. दहा महिने असे गेले. १३ सप्टेंबर १९४८ ला हिंदी फौजा संस्थानात शिरल्या, १७ ला निजाम शरण आला, आणि आजोबा परतले.

स्वातंत्र्यसैनिकांचे निवृत्तिवेतन केंद्र सरकारने १९७२ साली सुरू केले. भूमिगतांजवळ कागद कुठले असणार? तेव्हा सहकाऱ्याच्या दाखल्याला मोल आले. त्याच सुमारास दोन वर्षे पिके बुडालेली, दाजींवर कर्ज झालेले. एके दिवशी ते आले आणि म्हणाले, "आपण एक ओळ लिहा, मी शिबिरात होतो म्हणून."

आजोबा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी दौत मागवली आणि लिहिले, की हे गृहस्थ शिबिरात नव्हते. माझे कुटुंब यांनी जिवावर उदार होऊन दहा महिने सांभाळले. खाली सही केली. कचेरीत या कागदाला काडीचीही किंमत नव्हती. दाजींनी तो वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि पाणीही न घेता उठले.

आजीने आजोबांशी महिनाभर अबोला धरला. मला अजूनही वाटते, तिचे चुकले नव्हते. आजोबा आपल्या वेतनातला निम्मा हिस्सा मनिऑर्डरीने दाजींना पाठवू लागले. ती दर महिन्याला परत येई. भाऊबीजेला पाट मांडलेला असे, आत्याआजी येत नसे. आजोबा पाटावर थोडा वेळ बसत आणि उठत.

सातव्या वर्षी बैलगाडी दारात थांबली. दाजी स्वतः तिला घेऊन आले होते. ओवाळणे झाले. आजोबांनी तबकात दहाच्या सात नोटा ठेवल्या, राहिलेल्या सहा वर्षांच्या धरून. आत्याआजीने त्या नीट मोजल्या आणि एक परत त्यांच्या हातावर ठेवली.

"हे काय?"

"तिसऱ्या साली तुला टायफॉईड झाला होता, दादा. तुला शुद्ध नव्हती. दाजींनीच आणून सोडलं होतं मला. ओवाळून गेले मी."