मोहोचा मोह

बँकेत डी.डी., एफ.डी., ओ.डी. म्हणताना आम्ही कधी अडखळत नाही. पण ‘मोहोरोविचिच’ म्हणून पाहा! १९०९च्या भूकंपाच्या लाटांवरून या क्रोएशियन गृहस्थाने भूकवचाचा तळ ताडला. शास्त्रज्ञांनी त्याचा ‘मोहो’ केला आणि तिथवर भोक पाडायच्या अमेरिकन योजनेचा ‘मोहोल’. १९६१ साली मेक्सिकोजवळ समुद्रतळाखाली १८३ मीटर गेले. १९६६ साली पैसे बंद!

पुढे त्याच कुळात ‘आय.ओ.डी.पी.’ जन्मला. २००३ साली तो ‘इंटिग्रेटेड ओशन ड्रिलिंग प्रोग्रॅम’ होता, २०१३ साली ‘इंटरनॅशनल ओशन डिस्कव्हरी प्रोग्रॅम’ झाला. अक्षरं तीच! (छापील पाकिटं शिल्लक असणार, असा आपला माझा कारकुनी संशय.) २०२४ साली त्याचीही मुदत भरली. मोहोपर्यंत मात्र अजून कुणाचंच गिरमिट पोचलेलं नाही.