फिक्ह
इस्लामी विधिशास्त्र. एकच ईश्वर, देवदूत, ईश्वरी ग्रंथ, प्रेषित आणि अंतिम निवाड्याचा दिवस यांवरील श्रद्धा हा इस्लामचा पाया. त्या श्रद्धेनुसार रोज वागायचे कसे, हे फिक्ह सांगते. नमाज, रोजा, जकात यांबरोबरच विवाह, वारसा आणि व्यापारही तिच्या कक्षेत येतात.

या शास्त्राची सुसूत्र मांडणी इमाम शाफिई (७६७–८२०) यांनी ‘रिसाला’ या ग्रंथात केली. कुराण, प्रेषितांची सुन्ना (वचने व आचरण), इज्मा (एकमत) व कियास (साधर्म्यावरून अनुमान) हे चार आधार सुन्नी परंपरेत मान्य झाले. कियासचे नेहमीचे उदाहरण मद्याचे: कुराणात मद्य निषिद्ध आहे, त्यामागचे कारण नशा, म्हणून नशा आणणारे इतर पदार्थही निषिद्ध. शिया जाफरी पंथ कियासऐवजी बुद्धीला (अक्ल) स्थान देतो.

हनफी, मालिकी, शाफिई व हंबली या चार सुन्नी पंथांतील मतभेद बहुधा तपशिलाचे आहेत, आणि हे पंथ परस्परांना ग्राह्य मानतात, ही या परंपरेची मोठी उदारता होय. कोकणी मुसलमान शाफिई, तर महाराष्ट्रातील इतर सुन्नी मुख्यतः हनफी. मतभेदाचे एक उदाहरण अस्रच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाच्या, वेळेचे: दुपारची किमान सावली वगळून वस्तूची सावली तिच्या उंचीइतकी झाली, की शाफिईंची अस्रची वेळ सुरू होते. हनफींच्या प्रचलित मतानुसार सावली उंचीच्या दुप्पट व्हावी लागते. त्यामुळे शाफिई मशिदीत अस्रची अजान सहसा आधी ऐकू येते. भारतात विवाह, वारसा इत्यादी बाबतींत १९३७ च्या शरीयत कायद्याने मुस्लिम व्यक्तिगत कायदा लागू होतो.